कोऱ्या पानावरचा पूर्णविराम

नव्या यंत्राला हार घालायचा नाही, असा हुकूम मिसनी सोडला, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण सुखासुखी मिटणार नाही.

मिस ख्रिश्चन. जन्मापासून गिरगावात. पण दसऱ्याला ऑफिसातल्या यंत्रांना हार घालायचा मान त्यांचा होता. तो त्यांना कुणी दिला, की त्यांनी परस्पर घेतला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. झेंडू मी दादरच्या फूलबाजारातून आणायचे, हार ऑफिसातले जुने कारकून काका ओवायचे आणि घालायच्या मिस. तेव्हा आमच्याकडे दर दोन टेबलांमागे एक छोटा प्रिंटर असायचा. मिस एकेकापुढे उभ्या राहून हार घालत आणि वर त्याची हजेरीही घेत. "गेल्या वर्षी फार कागद खाल्लेस. या वर्षी सुधार." किंवा, "तू चांगला हायस रे बाबा, तुझा मालकच आळशी." मालक शेजारी खुर्चीत बसलेला असे आणि मुकाट्याने प्रसाद खात असे.

त्या दसऱ्याच्या आधी हे सगळे छोटे प्रिंटर टेम्पोत भरून गेले आणि त्यांच्या जागी कपाटाएवढं एकच यंत्र आलं. ते छापायचं, स्कॅन करायचं, स्टेपल मारायचं, दोन्ही बाजूंना छापायचं. फक्त त्याच्या कपाळाला तुमचं कार्ड लावल्याशिवाय पान द्यायचं नाही. ऑफिस चालवायला नुकतेच आलेले नवे साहेब हौसेनं म्हणाले, "मिस, यंदा एकच हार पुरेल!"

"याला हार कशाला?" मिस म्हणाल्या. "आल्या आल्या हार पुढाऱ्याला घालतात. याने आधी एकाचं तरी काम हलकं करू दे. मग बघू."

आणलेला झेंडू आम्ही दाराला बांधला.

मिसना मिस का म्हणत, हेही सांगून टाकते. त्या कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या. पण समोर उभं राहिलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं, एवढंच कारण असावं. उंच, हाडकुळ्या, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. फ्रॉक त्या स्वतः शिवत आणि त्याला दोन प्रचंड खिसे ठेवत. एका खिशात लाल-निळी पेन्सिल, खोडरबर आणि टाचण्यांची डबी. दुसऱ्या खिशात आलेपाकाच्या वड्या. वड्या घशासाठी. कारण मिसचं काम बोलण्याचं होतं. म्हणजे वाचण्याचं, पण मोठ्याने.

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत आहे. लालबाग, परळ, वरळी, कॉटन ग्रीन या भागातल्या जुन्या चाळी पाडून नव्या इमारती होतात, त्यातल्या भाडेकरूंचे करारनामे आम्ही तयार करतो. नमुना एकच, पण दर खोलीचा करारनामा वेगळा: नाव वेगळं, खोली वेगळी, घरातली माणसं वेगळी. अशा चाळीतल्या माणसाच्या आयुष्यात एवढा मोठा कागद एकदाच येतो. त्यावर सही करून तो राहतं घर रिकामं करतो आणि त्या कागदाच्या भरवशावर वर्षानुवर्षं भाड्याच्या जागेत जाऊन राहतो. म्हणून आमच्याकडे कुठलाही कागद रुजुवात घातल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. रुजुवात म्हणजे दोन माणसांनी उभं राहायचं. एकाच्या हातात मूळ प्रत, दुसऱ्याच्या हातात छापील. छापीलवाल्याने मोठ्याने वाचायचं आणि मूळवाल्याने बोट फिरवत जायचं. मिस वाचणाऱ्या, मी बोटवाली.

उभ्यानेच. खुर्ची ओढली की मिस ओरडत. "बसून वाचलं की डोळा आधी बसतो, मग झोपतो!" आणि त्या नुसते शब्द वाचत नसत, सगळं वाचत. "सदर खोलीचे भाडेकरू, स्वल्पविराम, त्यांची पत्नी, स्वल्पविराम, कंस चालू, हयात, कंस बंद, यांनी मान्य केले आहे, पूर्णविराम." कागद इंग्रजी असला तरी विरामचिन्हं मराठीतच. आणि मध्ये कोरं पान आलं तर तेही वाचायचं. मिस म्हणत, "कोरं पान." मी आपल्या प्रतीतलं पान उलटून म्हणायचं, "कोरं." मगच पुढं.

नवीन आलेली माणसं यावर हमखास हसत. कोऱ्या पानात काय वाचायचं? मिस त्यांच्याकडे चष्म्यावरून बघत. "त्यात काही नाही, हे तुला कसं कळलं? वाचलंस म्हणूनच ना?"

ही सवय त्यांना ऑफिसबाहेरही सोडत नसे. एकदा मी त्यांच्याबरोबर त्यांच्या एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गेले होते. समोरचा तरुण वाचता वाचता गडबडला आणि दोन वाक्यं एकत्र करून पुढं गेला. शेजारून मिसचा दबका पण स्पष्ट आवाज आला, "पूर्णविराम!" पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. त्या पोराने घाबरून मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मिस, निदान आज तरी!" तर म्हणाल्या, "गेलेल्यासाठी शेवटचं वाचत होते गो. शेवटचं तरी नीट वाचावं."

पूर्णविराम हा शब्द त्या हत्यारासारखा वापरत. कुणी मीटिंगमध्ये पाल्हाळ लावला, "पूर्णविराम." कुणी उशिरा येण्याची लांबलचक कारणं सांगू लागला, "पूर्णविराम." आणि वरिष्ठांनी काही नवं फर्मान काढलं की मिस हाताची घडी घालून म्हणत, "समजावून सांगा. पटणार नाही, पण सांगा."

नव्या साहेबांनी समजावून सांगितलं. ते पुण्याचे, वयाने माझ्याहून लहान, बोलायला मृदू. मुद्दाम वाईट वागणारा माणूस नव्हता. त्यांनी पॅन्ट्रीत एक टीव्ही लावला. त्यावर दर आठवड्याला यंत्राचा अहवाल झळकायचा: कोणी किती पानं छापली आणि कोण यंत्रापाशी किती वेळ उभं राहिलं. कमी पानं, कमी वेळ, त्याचं नाव हिरवं. जास्त पानं, जास्त वेळ, त्याचं नाव लाल. "यालाच प्रॉडक्टिव्हिटी म्हणतात," साहेब म्हणाले. "कागद वाचेल, वेळ वाचेल. आणि रुजुवातीसारखं काम सॉफ्टवेअर क्षणात करतं. शिवाय वर्षअखेरीला मनुष्यबळाचा आढावा घ्यायचा आहे, त्यातही हे आकडे उपयोगी पडतील."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. ऐकताना सगळ्यांच्या हातातले चहाचे कप मात्र जागच्या जागी थांबले.

सगळ्यात जास्त धसका काकांनी घेतला. काका लालबागचे, मूळचे मालवणकडचे, आमच्यातले सर्वांत जुने कारकून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना स्क्रीनवरचं नीट दिसत नसे. ते प्रत्येक करारनामा मोठ्या टायपात छापून घेत आणि भिंग लावून वाचत. म्हणजे पानं दुप्पट आणि वेळही दुप्पट. घरात पगार त्यांच्या एकट्याचा. मुलाची नोकरी सुटून बरेच दिवस झाले होते, सून बाळंतपणाला टेकलेली. पहिल्याच अहवालात काकांचं नाव सगळ्यात वर, लालभडक.

खोटं कशाला बोला, यंत्र चांगलं होतं. जुने प्रिंटर कोपरा खायचे, शाई सांडायचे, ऐन वेळी संप करायचे. हे बिचारं भराभर पानं द्यायचं आणि ती गरम गरम स्टेपल मारून द्यायचं. राग मला यंत्राचा नव्हता. ज्या दिवशी त्याच्या कपाळाला कार्ड लावताना मी आधी टीव्हीकडे बघितलं, त्या दिवसाचा मला राग आहे.

कोऱ्या पानाची भानगड पहिल्याच महिन्यात झाली. लालबागच्या एका चाळीचे करारनामे निघाले होते. आमच्या करारनाम्यात सह्यांच्या पानानंतर एक पान मुद्दाम कोरं सोडलेलं असतं. खोलीत राहणाऱ्या घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यावर चिकटतात आणि ज्यांना सही येत नाही त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे त्यावर उमटतात. मी आणि मिस यंत्राशेजारी उभ्या राहून वाचत होतो. मिस म्हणाल्या, "सही आणि तारीख, पूर्णविराम," पान उलटलं आणि थबकल्या. माझ्या हातातल्या मूळ प्रतीत कोरं पान होतं. त्यांच्या हातातल्या छापील प्रतीत ते नव्हतंच.

"पान कुठं गेलं?"

आम्ही गठ्ठाच्या गठ्ठा उलटून बघितला. एकाही करारनाम्यात कोरं पान नव्हतं. मिस तो गठ्ठा छातीशी धरून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, मागोमाग मी.

साहेबांना आनंदच झाला. "हो, ते सेटिंग आहे मिस. मशिन कोरी पानं आपोआप गाळतं. केवढा कागद वाचला असेल बघा!"

"त्या पानावर म्हातारीचा अंगठा येतो," मिस म्हणाल्या.

"हरकत नाही, ते सेटिंग बदलून घेऊ. कंपनीच्या माणसाला तक्रार टाकावी लागेल. पुढच्या आठवड्यात येईल तो."

"सह्या परवा आहेत."

"मग तेवढी पानं हातानं घाला ना. फार मोठा प्रश्न नाहीये हा."

मिस बाहेर आल्या. यंत्रापुढे उभ्या राहून त्यांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आलेपाकाची वडी तोंडात टाकली. मग माझ्या टेबलाशी आल्या. "तो नमुना उघड गो. कोऱ्या पानावर जा. मधोमध. आता एक पूर्णविराम दे."

"नुसता?"

"नुसता. दे."

मी दिला. पुन्हा छापायला पाठवलं, मिसनी कार्ड लावलं. यंत्राने निमूटपणे ते पान बाहेर टाकलं: पांढरं स्वच्छ पान आणि मध्यभागी मुंगीएवढा एक ठिपका. ठिपका असल्यामुळे यंत्राच्या लेखी ते आता कोरं नव्हतं. मिसनी पान उजेडात धरलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की काका भिंग हातात घेऊन धावत आले.

कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. ठिपका राहिला तो राहिलाच.

पण हा विजय घरातल्या घरात. पॅन्ट्रीतल्या टीव्हीला ठिपक्याशी काय देणंघेणं? तो दर आठवड्याला लाल-हिरवं दाखवतच होता, आणि हळूहळू एक चमत्कार झाला. सगळी नावं हिरवी होऊ लागली. माझं झालं, टायपिस्टांची झाली, अगदी काकांचंही झालं. यंत्र कोपऱ्यात दिवसभर शांत उभं असायचं. साहेबांनी मीटिंग घेऊन सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घातले.

मिस वडा न खाताच उठल्या. त्यांना काहीतरी खटकलं होतं.

दुपारच्या सुट्टीत त्या मला घेऊन खाली उतरल्या. आमच्या इमारतीच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं एक चिंचोळं दुकान आहे. तिथं रांग लागली होती. रांगेत आमचं जवळजवळ अख्खं ऑफिस. जो तो आपला करारनामा मोबाइलवरून दुकानदाराला पाठवत होता, तो छापून देत होता, आणि मंडळी उन्हात उभ्याउभ्या, हातात वडापाव धरून, पानं चाळत होती. कामाचा निम्मा वेळ माणसं खाली रस्त्यावर आणि वर टीव्हीवर सगळं हिरवंगार. कोणीच कोणाला हे बोललं नव्हतं. मीही रोज गुपचूप जात होते, फक्त वेगळ्या वेळी.

रांगेच्या टोकाला काका होते. छापलेला गठ्ठा पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने सदऱ्याच्या खिशातले पैसे काढत. मिसना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय रे?" मिस म्हणाल्या. ऑफिसात काकांना अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्याच.

"काय करूचा मिस?" काका म्हणाले. "वर छापलंय तर नाव लाल होता. नाव लाल झालां तर माका काढतले. आता या वयात माका कोण घेतलो? माझ्या घरात खाणारी माणसां हत."

"लोकांच्या घराचे कागद तू रस्त्यावर छापतोस? कुणाच्या मोबाइलवर जातात ते, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आसा," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. "म्हणान रात्री झोप लागणा नाय."

मी मिसना इतक्या वर्षांत रागावलेलं पुष्कळ बघितलं होतं. त्या दिवशीचा राग वेगळा होता. त्यांनी काकांच्या हातातला गठ्ठा घेतला, रांगेकडे वळल्या आणि भर रस्त्यात वाचायचा आवाज काढला.

"सगळे वर चला. ज्याला जे छापायचंय ते माझ्या कार्डावर छापा. आजपासून. पूर्णविराम."

कुणीतरी म्हणालं, "मिस, पण तुमचं नाव..."

"माझ्या नावाचं मी बघीन. माझं नाव आहे ते."

वर गेल्यावर त्यांनी यंत्राशेजारच्या भिंतीतल्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि गळ्यातलं आपलं कार्ड दोरीसकट तिथं लटकवलं. अट एकच होती. त्यांच्या कार्डावर निघालेलं प्रत्येक पान रुजुवात घालूनच बाहेर जाणार. त्यांच्या नावावर निघतंय ना, मग त्यांनी ते वाचलेलं असलंच पाहिजे.

ते काही आठवडे मी विसरणार नाही. यंत्रापाशी सकाळपासून जोड्या उभ्या असत. टायपिस्ट वाचायची, काका बोट फिरवायचे. मी वाचायचे, हिशेबातला पोरगेला माणूस बोट फिरवायचा. मिस या जोडीकडून त्या जोडीकडे फिरत, आलेपाक वाटत, मध्येच एखाद्याचा स्वल्पविराम राहिला तर लांबून दटावत. चार-पाच करारनामे एकाच वेळी वाचले जायचे, आणि त्या गलक्यात दर थोड्या वेळाने कुठूनतरी "कोरं पान" आणि "कोरं" ऐकू यायचं. उभं राहून पाय दुखायचे. काम मात्र हातावेगळं व्हायचं आणि परत यायचं नाही. संध्याकाळी घरी जाताना डोक्यात धाकधूक नसायची.

टीव्हीवर मिसच्या नावापुढे लाल पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. त्या पट्ट्यापुढे बाकी सगळ्यांचे पट्टे रेघेएवढेही उरले नाहीत.

साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू चल. दोघांनी ऐकलेलं बरं."

"मिस," साहेब म्हणाले, "या अहवालानुसार तुम्ही एकट्यांनी अख्ख्या ऑफिसइतकी पानं छापली आहेत."

"होय."

"हे शक्य नाही. ही इतरांची पानं आहेत. तुम्ही फक्त नावं सांगा. तुमच्या बाबतीत मला काहीच करायचं नाहीये, तुमची निवृत्ती जवळ आली आहे. पण वरून मला आढाव्यात नाव द्यायला सांगितलंय. कोणाचं काम संथ आहे हे मला कळायला हवं."

"नाव आहे की. सगळ्यात वर लिहिलेलं आहे."

"मिस, प्लीज. पानं कोणाची आहेत?"

"माझी. सगळी मीच काढली," मिस म्हणाल्या, "आणि सगळी वाचलेली आहेत. तुमच्या टीव्हीवर ते येत नाही."

तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. बाहेर उभे राहून ऐकत होते बहुतेक. "सायबा, ती पानां..."

"पूर्णविराम!" मिस कडाडल्या. काका जागच्या जागी थिजले. मिस त्यांच्याकडे न बघता शांत आवाजात म्हणाल्या, "तू बाहेर जा रे. तुझा कागद अर्धा वाचून ठेवलायस टेबलावर. कुणी कागद अर्धा सोडून येतं का?"

काका गेले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर सन्मानानं होईल सगळं. निरोपसमारंभ करू."

"राजीनामा मी लिहिणार नाही. मी काही चुकले नाही. तुम्हाला काढायचं असेल तर काढा. छापून द्या, मी वाचीन."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मिस, एवढं कशाला? थोडं नमतं घेतलं असतं तर..." त्या म्हणाल्या, "समजावून सांग. पटणार नाही, पण सांग."

पत्र आलं ते नाताळच्या तोंडावर. मिस त्या दिवशी घरून नेवऱ्यांचा, म्हणजे नाताळच्या करंज्यांचा, डबा घेऊन आल्या होत्या, दरवर्षी आणत तसा. साहेबांनी पत्र पाकिटात घालून केबिनमध्ये द्यायचं ठरवलं होतं, पण मिसनी पाकीट घेतलं, बाहेर येऊन यंत्रापाशी गेल्या आणि पत्र उघडलं. सही घेण्यासाठी बरोबर दिलेली ऑफिसची प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"रुजुवात," त्या म्हणाल्या.

"मिस, मला नाही जमणार."

"बोट ठेव गो."

मी बोट ठेवलं. ऑफिस उभं राहिलं. कुणी उठा म्हटलं नव्हतं. पत्र इंग्रजीत होतं. मिसनी आलेपाकाची वडी गालात सारली आणि नेहमीच्याच आवाजात, ना कमी ना जास्त, वाचायला सुरुवात केली. "डिअर मॅडम, स्वल्पविराम." नंतर यंत्राच्या अहवालाचा उल्लेख, तो कंसात होता, म्हणून कंस चालू, कंस बंद. "युअर सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड, पूर्णविराम." माझं बोट मागे पडलं. मिसनी मी ओळ गाठेपर्यंत वाट बघितली आणि मगच पुढं गेल्या. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. "वुई थँक यू, पूर्णविराम."

मग त्यांनी पत्र उलटलं. मागे काहीच नव्हतं.

"कोरं पान," मिस म्हणाल्या.

मिस थांबल्या. त्या थांबल्या की थांबतात, उत्तर आल्याशिवाय पुढं जात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी पान उलटलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे पान कोरं आहे की नाही हेही मला दिसत नव्हतं. माझ्या मागून, काकांच्या बाजूने, टायपिस्टांच्या बाजूने, सगळ्यांचा मिळून आवाज आला, "कोरं."

मिसनी लाल-निळ्या पेन्सिलीची निळी बाजू काढली, कोऱ्या बाजूच्या मधोमध एक ठिपका दिला, खाली सही केली आणि प्रत साहेबांकडे दिली. "बरोबर आहे. चूक नाही एकही," त्या म्हणाल्या. मग नेवऱ्या वाटल्या. साहेबांनाही दिली.

आढाव्यात आमच्यातलं दुसरं कुणाचंच नाव गेलं नाही. जाणार कसं? यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही सगळे हिरवेगार होतो. काका अजून येतात, भिंग घेऊन. पुढच्या पावसाळ्यानंतर निवृत्त होतील. त्यांची नात आता चालायला लागली आहे.

मिसचं कार्ड त्याच संध्याकाळी बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं आणि माझं कार्ड त्यावर लटकवलं. फार विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित लटकवलं नसतं. मलाही घर आहे, मुलगी आहे. पण रिकामा खिळा मला बघवेना.

मिसचा फोन येतो अधूनमधून. गिरगावातल्या त्यांच्या वाडीतही आता पुनर्विकासाची बोलणी चालू झाली आहेत. बिल्डरची माणसं मसुदा घेऊन आली, तेव्हा मिसनी सगळ्या वाडीला अंगणात उभं केलं आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. "बसायला खुर्च्या आणल्या होत्या त्यांनी," मिस म्हणाल्या. "परत पाठवल्या." मग न चुकता विचारतात, "ठिपका देता ना?" मी म्हणते, देतो. आमच्या करारनाम्यांत कोऱ्या पानावरचा तो ठिपका अजून असतो. चाळीतली एखादी म्हातारी अंगठा लावायच्या आधी विचारते, हा काय डाग? मी सांगते, डाग नाही आजी, तुमच्यासाठी जागा राखून ठेवलीय.

यंत्राला यंदाही हार घातला नाही. काकांनी ओवला, आणि खिळ्याला घातला.

मागच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. टीव्हीवर माझ्या नावापुढचा लाल पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलाय. साहेब थकलेले दिसत होते. "बसा ना," ते म्हणाले. मी उभीच राहिले.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "एवढी पानं कोणाची आहेत?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर यंत्रापाशी टायपिस्ट वाचत होती, काका बोट फिरवत होते. "कोरं पान," ती म्हणाली. "कोरं," काका म्हणाले.

"माझी," मी म्हटलं. "सगळी मीच काढली. आणि सगळी वाचलेली आहेत, पूर्णविराम."